गुरुवारची सुट्टी

कोलकात्यात मदर तेरेसांच्या संस्थेत महिना-पंधरा दिवस सेवा करायला जगभरातून तरुण मुलंमुली येतात. त्यांना सुरुवातीलाच सांगितलं जातं, गुरुवारी यायचं नाही. गुरुवार हा सिस्टर्सचा प्रार्थनेचा आणि विसाव्याचा दिवस. रुग्णांचं खाणंपिणं, औषधपाणी त्या दिवशीही होतंच, पण नेहमीचा गाडा थांबतो. रस्त्यावर मरायला टाकलेल्या माणसांना उचलून आणणाऱ्या संस्थेला आठवड्याची सुट्टी असते, हे ऐकून अनेकांना जरा चुकल्यासारखं वाटतं.

मला वाटतं, या संस्थेच्या इतिहासातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच आहे.

सतत दुसऱ्याचं दुःख पाहून, ऐकून, निस्तरून एक दिवस आतून काहीच वाटेनासं होतं. रुग्ण कण्हत असतो आणि आपल्याला फक्त त्याचा वैताग येतो. याला ‘कम्पॅशन फटीग’ म्हणतात. १९९२ साली कार्ला जॉइन्सन यांनी नर्सेसबद्दलच्या एका लेखात हा शब्द वापरला आणि नंतर तो रूढ झाला. मराठीत करुणेचा थकवा म्हणू. शब्द नवा असला तरी अनुभव जुनाच आहे. मार्कच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. येशूचे शिष्य गावोगाव फिरून परतलेत. माणसांची ये-जा इतकी की त्यांना जेवायलाही सवड नाही. तेव्हा येशू त्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या असं सांगतो. ते होडीतून निघतात, पण किनाऱ्यावर गर्दी आधीच पोचलेली असते. येशूला त्या लोकांचा कळवळा येतो आणि विसावा राहून जातो. सेवेचं काम केलेल्या कुणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

आता १९४६ सालच्या कोलकात्यात येऊ. मदर तेरेसा तेव्हा लोरेटो संघाच्या एंटाली इथल्या शाळेत होत्या. ऑगस्टमध्ये शहरात भीषण दंगल झाली. शाळेत तीनशे मुली आणि खायला दाणा नाही. त्या एकट्याच बाहेर पडल्या आणि रस्त्यांवर पडलेली प्रेतं पाहिली. त्यांची तब्येत आधीच खालावलेली होती. रोज दुपारी पडून राहण्याची ताकीद वरिष्ठांनी दिली होती. १० सप्टेंबरला त्या वार्षिक रिट्रीटसाठी, म्हणजे एकांतातल्या प्रार्थनेसाठी, दार्जिलिंगला निघाल्या. गरिबांमध्ये जाऊन राहण्याची हाक आपल्याला त्या रेल्वेप्रवासात ऐकू आली, असं त्या सांगत. त्यांचं पुढचं सगळं काम अशा एका थांबण्यातून सुरू झालं.

पण स्वतःचा संघ काढायचं ठरवताना हे थांबणं त्या विसरू पाहत होत्या. १९४८ साली प्राथमिक वैद्यकीय शिक्षण घ्यायला त्या पाटण्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये गेल्या. ते मेडिकल मिशन सिस्टर्स चालवत. या धर्मभगिनींमध्ये डॉक्टर होत्या, नर्सेस होत्या. मदरनी त्यांना आपला बेत सांगितला. माझ्या सिस्टर्स गरिबांसारखं राहतील, भात आणि मीठ खातील. पाटण्याच्या बायकांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. असं केलंत तर ते पाप ठरेल, म्हणाल्या. तुमच्या मुली क्षयानं आजारी पडतील, मग गरिबांची सेवा कोण करणार? साधं पण पुरेसं अन्न हवं, स्वच्छता हवी, विश्रांती हवी. मदरनी हे मुकाट्यानं मान्य केलं. त्यांच्या हट्टी स्वभावाच्या गोष्टी वाचल्या की या मान्य करण्याचं नवल वाटतं.

मिशनरीज ऑफ चॅरिटीला ७ ऑक्टोबर १९५० रोजी मान्यता मिळाली. १९५२ साली कालीघाटला कालीमंदिराशेजारच्या यात्रेकरूंच्या जागेत निर्मल हृदय सुरू झालं. पहाटे ४.४० ला उठायचं, प्रार्थना, मिस्सा, मग काम. दुपारी जेवणानंतर थोडं पडायचं, पुन्हा काम. १९७३ पासून रोज एक तास आराधनेची भर पडली. काम इतकं असताना आणखी एक तास प्रार्थनेला काढायचा, हे कुठल्याही मॅनेजरला वेडेपणाचं वाटेल.

इथे एक गाठ सोडवायला हवी. श्रद्धा असली की थकवा येत नाही, असं भाविक लोक सर्रास म्हणतात. मदरच्या पत्रांचं पुस्तक २००७ साली आलं आणि हे म्हणणं टिकेनासं झालं. संघ सुरू झाल्याच्या सुमारास त्यांच्या मनात जो अंधार पसरला, तो १९५८ सालचे काही आठवडे सोडले तर गेलाच नाही. देव जवळ असल्याचं त्यांना जाणवत नव्हतं. ही पत्रं नष्ट करा, अशी त्यांची विनवणी होती. १९६१ साली योझेफ नॉयनर या येशूसंघी धर्मगुरूंनी त्यांना सांगितलं की यावर माणसाकडे इलाज नाही आणि यात तुमचा दोषही नाही. देवाची इतकी ओढ लागते, हीच त्याच्या असण्याची खूण. अंधार गेला नाही, पण त्याच्याशी झगडणं थांबलं.

हा अंधार म्हणजे करुणेचा थकवा नव्हे. दोन्हीची गल्लत करू नये. पण दोन्हीकडे भावना साथ सोडते आणि काम तर उद्या सकाळीही असतंच. तेव्हा मदरना उपयोगी पडली ती चौकट: ठरलेली घंटा, ठरलेली मिस्सा, ठरलेला गुरुवार. आज मन भरून आलंय का, असं घंटा विचारत नाही. शब्बाथाची जुनी आज्ञाही अशीच आहे. काम संपलं की थांबा, असं ती म्हणत नाही. सातवा दिवस आला की थांबा, म्हणते. गरिबांचं काम कधी संपतं?

त्यांच्या संस्थेवर टीकाही झाली. १९९४ साली ‘लॅन्सेट’मध्ये निर्मल हृदयातल्या वेदनाशमनाच्या अपुऱ्या सोयीवर लिहिलं गेलं आणि ती टीका गंभीर होती. सेवा करणाऱ्यांची सोय नीट लागली म्हणून रुग्णांचीही लागतेच असं नाही.

आणि खुद्द मदर? सिस्टर्सना विसाव्याचा नियम घालून देणारी ही बाई स्वतः विमानांतून जगभर फिरत राहिली. १९८३ साली रोममध्ये हृदयविकाराचा झटका आला. १९८९ साली पेसमेकर बसला. १९९० साली त्यांनी पद सोडायचं ठरवलं, पण सिस्टर्सनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. मार्च १९९७ मध्ये सिस्टर निर्मला यांची निवड झाली तेव्हा कुठे त्या सुटल्या. पुढच्या ५ सप्टेंबरला त्या गेल्या. त्या दिवशी शुक्रवार होता.