वाळलेला खडक आणि विरजण

मंचरपासून समुद्र फार दूर आहे. सह्याद्रीची भिंत ओलांडून कोंकणांत उतरल्याखेरीज त्याचें दर्शन घडत नाहीं. येथला दगड काळा, ज्वालामुखीच्या रसाचा. गांवच्या जुन्या बारवेचे घडीव चिरेही त्याचेच. अशा गांवांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं माळ्यावरून एक खोकें खालीं उतरलें आणि त्यांतून पांढुरके, सच्छिद्र, हातास हलके लागणारे समुद्री दगड निघाले, तेव्हां घरांतील मुलांस नवल वाटलें. पुष्कळ वर्षांपूर्वी मुंबईस असतांना ह्या गृहस्थांनीं खाऱ्या पाण्याची कांचेची टाकी बाळगली होती. बिऱ्हाड मोडलें, टाकी विकली गेली. दगड तेवढे राहिले. आतां नातवाच्या हट्टास्तव नवी टाकी आली होती, आणि हे वाळलेले दगड तींत घालावे किंवा नाहीं, असा प्रश्न पडला होता.

प्रश्न दिसण्यांत घरगुती आहे. परंतु त्याच्या उत्तरामागें पावणेदोनशें वर्षांचा इतिहास आहे.

लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांनीं 1850 सालीं तेथील केमिकल सोसायटीपुढें आपला एक प्रयोग मांडला. एका भांड्यांत मासे, पाणवनस्पति आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या असतां पाणी वरचेवर न बदलतांही जीव जगतात, हें त्यांनीं दाखविलें. 1853 सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि पुढील वर्षीं फिलिप हेन्री गॉस ह्यांच्या ‘द अक्वेरियम’ ह्या पुस्तकानें घरोघर समुद्र मांडण्याची हौस पेटविली. त्या हौसेची किंमत किनाऱ्यानें दिली. लोकांनीं खडकांतील डबकीं ओरबाडून काढिलीं. गॉस ह्यांचे पुत्र एडमंड ह्यांनीं 1907 सालच्या आपल्या आत्मवृत्तांत ह्या नासाडीबद्दल खेद व्यक्त केला आहे. बापाच्या लेखणीनें लोकांस किनाऱ्याचें प्रेम लावावें आणि त्या प्रेमानेंच किनारा उजाड व्हावा, हें पाहणें मुलाच्या नशिबीं आलें.

त्या काळच्या लोकांस माशाला प्राणवायु लागतो हें ठाऊक होतें; परंतु माशाच्या मलमूत्रापासून उत्पन्न होणाऱ्या अमोनियाचें पुढें काय होतें, हें कोणास नीट ठाऊक नव्हतें. त्याचा उलगडा मत्स्यालयांत न होता सांडपाण्यांत झाला. श्लोझिंग आणि म्युंत्झ ह्या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं 1877 सालीं एक लांब नळी वाळू व चूनखडी ह्यांनीं भरून तींतून सांडपाणी हळूहळू सोडलें. सुमारें वीस दिवस कांहींच फरक दिसला नाहीं. नंतर अमोनिया नाहींसा होऊन त्याच्या जागीं नायट्रेट येऊं लागलें. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच ही क्रिया थांबली. वाफ काढून घेतली, तरी ती आपोआप सुरू होईना. मग बागेंतील मातीचें थोडें गढूळ पाणी वरून ओतलें, तेव्हां कांहीं दिवसांनीं नळी पुन्हा कामास लागली. वाळू तीच, चूनखडी तीच. मेले होते ते तींतील सूक्ष्म जीव.

योगायोग असा कीं, हा धागा पुढें ज्यांनीं उचलला, त्यांत त्याच वॉरिंग्टनांचे पुत्र होते. त्यांचेंही नांव रॉबर्टच. इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत काम करतांना त्यांनीं असें दाखविलें कीं, अमोनियाचें नायट्राइट आणि नायट्राइटचें नायट्रेट, अशा दोन पायऱ्यांनीं हें काम चालतें. ते करणारे जंतु वेगळे काढण्याचें यश 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की ह्यांस लाभलें. मंचरच्या कांद्याबटाट्याच्या शेतांत शेणखत मुरून पिकास लागू पडतें, त्यामागेंही अशाच जंतूंचें काम आहे.

एवढें कळल्यावर ‘जिवंत खडक’ ह्या नांवाचें कोडें सुटतें. जाकार्ता येथील ली चिन एंग ह्यांनीं 1961 सालीं आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रांतून काढलेला ओला खडक टाकींत ठेवून, हवेचे बुडबुडे सोडण्यापलीकडे फारशी यंत्रसामग्री न वापरतां ते मासे व पोवळीं जगवीत असत. पुढें बर्लिनच्या हौशी मंडळींनीं ह्याच तत्त्वावर आपली पद्धत उभारली. खडक म्हणजे बहुधा जुन्या पोवळ्यांची चूनखडी; तो स्वतः निर्जीवच असतो. जिवंत असते ती त्याच्या पृष्ठावरील व छिद्रांतील वस्ती. वरच्या थरांतले जंतु अमोनियाचें नायट्रेट करितात. आंत प्राणवायु कमी पडतो तेथें दुसरे जंतु नायट्रेटचा वायु करून सोडून देतात.

परंतु ह्या शोधानेंही जुनाच लोभ जागा केला. फिजी, इंडोनेशिया इत्यादि बेटांवरून असा खडक खोकीं भरभरून परदेशीं जाऊं लागला. आपल्याकडे 1987 सालीं मालवणचें सागरी अभयारण्य झालें, आणि 2001 सालीं खडक बांधणारीं पोवळीं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आलीं. म्हणून किनाऱ्यावरून नवा तुकडा फोडून आणणें हा आज गुन्हा आहे. आणि घरांतील जुन्या दगडांत पोवळ्याचा सांगाडा दिसत असेल, तर प्रथम वनखात्यास विचारणें हेंच शहाणपण. आमच्या स्नेह्यांनींही तें प्रथम केलें.

आतां मूळ प्रश्न. वाळलेला दगड पुन्हा उपयोगी पडतो काय? पडतो, मात्र तो रिकाम्या वाड्यासारखा असतो. प्रथम आंत मरून सुकलेला गाळ घांसून, धुवून काढिला पाहिजे. नाहीं तर तो पाण्यांत कुजून अमोनियाच वाढवितो. दगडांत मुरलेलें फॉस्फेट पुढें शेवाळ माजवितें. पूर्वीं टाकींत तांब्याचें औषध घातलेलें असेल, तर तो दगड घेऊंच नये; चूनखडींत राहिलेलें तांबें कोळंबी, गोगलगाय असल्या जीवांस घातक ठरतें. नंतर लिटरास सुमारें 35 ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यांत, अंधारांत, पाणी खेळतें ठेवून तो कित्येक आठवडे भिजवावा आणि अधूनमधून पाणी बदलावें.

आणि विरजण लावावें. दूध कितीही तापविलें तरी विरजणावांचून दहीं लागत नाहीं, हें आपल्या घरांतील कोणीही बाई सांगेल. एखाद्या निरोगी, चालू टाकींतील मूठभर वाळू किंवा गाळणीचा स्पंज हें येथलें विरजण. अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही शून्यावर आल्यावांचून मासा सोडूं नये. एवढें करूनही स्पंज, किडे, गुलाबी चूनशेवाळ हे समुद्राचे सगळे रहिवासी परत येतीलच असें नाहीं. जे विरजणांत आले तेच वाढतात.

तारापोरवाला मत्स्यालय 1951 सालीं मुंबईस समुद्राच्या कुशींत उभें राहिलें. तेथें खारें पाणी हाताशीं होतें. मंचरास तें मीठ कालवून करावें लागतें, आणि समुद्रानें जें काम सहज केलें असतें त्यासाठीं माणसास वाट पाहावी लागते.

गेल्या खेपेस आम्ही पाहिलें तेव्हां ते दगड टाकींत मांडलेले होते आणि त्यांवर तपकिरी साय धरूं लागली होती. नातू रोज शाळेंतून येऊन पाण्याची परीक्षा करितो आणि आंकडे वहींत लिहितो. टाकींत अजून एकही मासा नाहीं.