नगरच्या ख्रिस्ती मंडळीचे सांत्वन

अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली अहमदनगरात ठाणे दिले. त्यानंतर इथे ख्रिस्ती झालेल्या अनेकांपुढे दुःखाबरोबर आणखी एक पंचाईत उभी राहिली: मयताला येणार कोण? धर्म बदलला की जात सुटे आणि तिच्याबरोबर खांदेकरी, दहावा-तेरावा, भाऊबंदांचे येणेजाणेही. ब्राह्मण कवी आणि पुढे पाळक झालेले नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. मधल्या ताटातुटीचे वर्णन लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचताना कळते, की जिवंत माणसाचाही शोक करावा लागतो. या पोरकेपणावर नगरच्या मंडळीने उपाय शोधला तो मुख्यतः गाण्यात, असे मला वाटते. इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीते होतीच, पण त्यांतले दुःख फार शिस्तीचे. उलट देवाशी भांडायची मुभा अभंगात मुरलेली आहे. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाची वाट चोखाळली आणि टिळकांच्या भजनांनी ती रुंद केली.

यावर कोणी म्हणेल, की हा ब्राह्मण धर्मांतरितांचा इतिहास झाला. मंडळीत बहुसंख्य होते ते महार-मांग. आक्षेप रास्त आहे. महारांमध्ये मृताला पुरण्याची चाल आधीपासूनच असल्याने दफन त्यांना परके नव्हते, आणि ब्राह्मणी विधी सुटल्याचे त्यांना सुतक कशाला असावे? पण भजन त्यांचेही होते. महार संत चोखोबाची परंपरा काही वाड्यांतून आलेली नाही. म्हणून दोन्हीकडच्या माणसांना एकत्र रडता येईल अशी जागा गाण्यातच सापडली. दुसरा आक्षेप जुनाच, पोटासाठी धर्म. 1876-78 च्या दुष्काळानंतर मंडळीत भर पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र धान्याने माणूस का आला एवढेच सांगता येते. गमावलेल्या लेकराच्या कबरीपाशी त्याने काय म्हणावे, हे धान्य शिकवत नाही.

नव्या श्रद्धेने जुने सगळे टाकायला लावले असेही नाही. 1919 मध्ये टिळक मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले आणि अस्थी नगरला आणल्या गेल्या. पाळकाचे दहन म्हणजे त्या काळी धाडसच! त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रपर काव्य अपुरे राहिले होते. वैधव्यात लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांनीच ओवीत रचले.