सिकलसेल आजार आणि मूत्रपिंड : वैद्यकीय ज्ञानाचा ऐतिहासिक आढावा (महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार म्हणून ओळखला जातो. रक्तक्षय, कावीळ आणि हाडासांध्यांच्या तीव्र वेदना ही त्याची परिचित लक्षणे होत. मात्र मूत्रपिंडावर व शरीरातील आम्ल-अल्क संतुलनावर होणारा त्याचा परिणाम दीर्घकाळ दुय्यम मानला गेला. प्रस्तुत लेखात या ज्ञानाचा विकासक्रम आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. या रुग्णाला लघवी जास्त व पातळ होत असे, हेही त्या नोंदीत आहे. म्हणजे मूत्रपिंडाची तक्रार या आजाराच्या पहिल्याच वर्णनात होती. लक्ष मात्र पेशींच्या आकाराकडे गेले. 1949 मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार असल्याचे सिद्ध केले. पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी त्या रेणूतील एका अमिनो आम्लाचा बदल दाखवून दिला.

मूत्रपिंडावरील परिणाम :
मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी, क्षारांचे प्रमाण जास्त आणि आम्लता अधिक असते. पेशी विळ्यासारख्या होण्यास या तिन्ही गोष्टी अनुकूल ठरतात. त्यामुळे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात आणि लघवी घट्ट करण्याची क्षमता घटते. 1956 मध्ये केटेल, थॉम्पसन व इटानो यांनी लहान मुलांना निरोगी रक्त दिल्यावर ही क्षमता परत येते, असे दाखविले. वय वाढल्यावर मात्र हा दोष कायमचा होतो. 1970 मध्ये स्टेशियस व्हॅन एप्स यांच्या संशोधनातून त्याचे कारण स्पष्ट झाले : तेथील रक्तवाहिन्यांचे जाळेच नष्ट झालेले होते.

आम्ल-अल्क संतुलन :
1968 मध्ये जमैकातील हो पिंग काँग व ॲलेन यांनी सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांमध्ये लघवीवाटे आम्ल बाहेर टाकण्याची क्षमता कमी असल्याचे नोंदविले. आम्लभार दिल्यावर निरोगी माणसाच्या लघवीचा सामू जितका उतरतो, तितका या रुग्णांचा उतरत नाही. एरवी रक्तातील संतुलन टिकून राहते. परंतु जुलाब, ताप किंवा मूत्रपिंडाचा ऱ्हास झाल्यास आम्ल साचते. आम्लता वाढली की हिमोग्लोबिन प्राणवायू लवकर सोडते आणि अधिक पेशी विळ्यासारख्या होतात. अशा प्रकारे आजार मूत्रपिंड बिघडवितो आणि बिघडलेले मूत्रपिंड आजार वाढविते.

महाराष्ट्रातील संदर्भ :
भारतात 1952 मध्ये लेहमान व कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकलसेलचे अस्तित्व नोंदविले. महाराष्ट्राच्या दृष्टीने 1958 हे वर्ष महत्त्वाचे होय. त्या वर्षी नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांचे मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांनी राज्यातील आदिवासी जमातींची पाहणी केली. नंदुरबारमधील भिल्ल व पावरा, गडचिरोलीतील गोंड व माडिया तसेच विदर्भातील अनुसूचित जाती व काही इतर मागासवर्गीय समाज यांत या आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आणि 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले.

या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. तथापि विद्राव्यता चाचणी व इलेक्ट्रोफोरेसिस यांतून रक्ताचा दोष कळतो, मूत्रपिंडाची अवस्था कळत नाही. नेहमीची क्रिएटिनिन तपासणीही येथे फसवी ठरते. कारण या रुग्णांचे स्नायू कमी भरलेले असतात आणि त्यांच्या मूत्रनलिका क्रिएटिनिन जास्त प्रमाणात बाहेर टाकतात. परिणामी बरीच हानी होईपर्यंत अहवाल ठीक दिसतो. लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी ही सूचना आधी देते. वेदनेसाठी वारंवार घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्यांनीही मूत्रपिंडाला इजा होते.

समारोप :
सिकलसेल असलेले मूल रात्री अंथरूण ओले करते, तेव्हा घरात त्याला रागावले जाते आणि पाणी कमी दिले जाते. वास्तविक त्याचे मूत्रपिंड पाणी राखू शकत नाही. पाणी तोडल्यास रक्त घट्ट होऊन वेदनेचा झटका येऊ शकतो. सोलापूरसारख्या उष्ण व कोरड्या हवेच्या जिल्ह्यांत, तसेच कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांत ही जाणीव विशेष आवश्यक आहे. 1910 च्या नोंदीत असलेल्या लक्षणाचा उलगडा होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. ते ज्ञान आता आश्रमशाळेतील शिक्षक, आशा कार्यकर्ती आणि मुलाची आई यांच्यापर्यंत पोहोचणे, हेच या इतिहासाचे अपुरे राहिलेले कार्य होय.