डोळ्यातील इंजेक्शन : सात वर्षांनंतर

1948 साली आयझॅक मायकेलसन यांनी तर्क मांडला की, दृष्टिपटलातूनच स्रवणारे एखादे द्रव्य नव्या रक्तवाहिन्या वाढवत असावे. 1989 मध्ये व्हीईजीएफ हे प्रथिन हाती लागले. 2006 मध्ये त्याला रोखणारे रॅनिबिझुमॅब अमेरिकेत संमत झाले.

वृद्धांच्या ‘ओल्या’ मॅक्युलर ऱ्हासात गळक्या रक्तवाहिन्यांनी हिरावलेली दृष्टी मासिक इंजेक्शनांनी सुधारू लागली. दोन वर्षांच्या चाचण्या गाजल्या. पुढे?

2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्हन-अप’ अभ्यासाने त्याच चाचण्यांतील 65 रुग्णांना सुमारे सात वर्षांनी गाठले. 37 टक्के डोळ्यांची दृष्टी 20/70 किंवा त्याहून सरस होती; 20/200 किंवा त्याहून वाईट असलेलेही 37 टक्केच. मधल्या काळात इंजेक्शने विरळ झाली होती, हे खरे. परंतु जवळजवळ प्रत्येक डोळ्यात मॅक्युला झिजलेला आढळला, आणि त्या झिजेवरचे हे औषध नव्हतेच.