संशयाचा फायदा

दिल्लीत अलीकडे रंगू लागलेल्या पिकलबॉलचे मूळ शोधू जाता वाट पुण्यापर्यंत पोहोचते. १८७० च्या सुमारास तेथील छावणीत इंग्रज अधिकारी जो फुलाचा खेळ खेळत, त्याला ‘पूना’ असेच नाव पडले होते. तोच पुढे बॅडमिंटन झाला. १९६५ साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांनी बॅडमिंटनच्या जुन्या अंगणावरच सच्छिद्र चेंडू व लाकडी फळ्या घेऊन नवा खेळ मांडला. म्हणूनच त्याचे अंगण आजही ४४ फूट लांब व २० फूट रुंद आहे. २००८ साली सुनील वालावलकर यांनी मुंबईत संघटना स्थापून तो आपल्याकडे रुजविला.

नियम थोडके आहेत. सर्व्हिस हात खालून वर नेत, समोरच्या तिरप्या चौकोनात करावी. आरंभी दोन्ही बाजूंनी एकेक टप्पा पडू द्यावा. जाळ्यालगतच्या ७ फुटांत उभे राहून चेंडू अधांतरी मारू नये. खरी कसोटी शिष्टाचाराची. रोजच्या खेळात पंच नसतो. आपल्या बाजूच्या रेषेचा निर्णय आपणच द्यावयाचा, आणि संशयाचा फायदा मात्र प्रतिपक्षाला! दिवसभर इतरांच्या प्रकरणांवर शेरे लिहिणाऱ्या आपणांस, सायंकाळी स्वतःविरुद्ध कौल देण्याचा हा अभ्यास हितकारकच ठरावा.