झाडू, घागर आणि अंगणवाडी : चिमुकल्या हातांच्या कामाचा इतिहास

१/
चार वर्षांच्या मुलाच्या हाती झाडू दिला, तर ते शिक्षण की वेठ? प्रश्न आजच्या पालकांचा वाटतो, पण त्याचा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. पुणे, रोम, भावनगर आणि डहाणू तालुक्यातील एक टेकडी अशा चार ठिकाणी त्याची चार वेगळी उत्तरे शोधली गेली. त्या शोधाची ही मालिका.

२/
ऑक्टोबर १८८२. शिक्षणाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. शेतकरी आणि इतर गरीब वर्गांची मुले शाळेत का टिकत नाहीत, याचे कारण त्यांनी स्पष्ट मांडले : गुरे राखायला आणि शेताकडे पाहायला त्या घरांना मुलांचे हात लागतात. म्हणून अशा मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे देऊन शाळेकडे वळवावे, अशी त्यांची मागणी होती.

३/
या मागणीत एक मोठी समज दडलेली आहे. फुल्यांनी पालकांना दोष दिला नाही. मुलाच्या कामाला घरात खरी किंमत असते हे मान्य करून, त्या किमतीची भरपाई शाळेने कशी करावी, असा त्यांचा विचार होता. गरीब घरातील मुलाला काम शिकवावे लागत नव्हते. त्याच्या वयाला न पेलणारे काम आधीच त्याच्या खांद्यावर होते.

४/
सुस्थितीतील घरांत चित्र वेगळे होते. तेथे मुलगी भातुकलीच्या बोळक्यांतून खऱ्या चुलीपर्यंत लवकरच पोहोचे. मुलाच्या वाट्याला मात्र घरकाम सहसा येत नसे. शिवाय झाडू हे साधे साधन नव्हते. झाडलोट कोणी करायची, हे जातीने ठरवून दिलेले होते. त्यामुळे मुलाच्या हाती झाडू देणे म्हणजे केवळ शिस्त लावणे नव्हे, तर समाजाने आखलेली रेघ ओलांडणे होते.

५/
आता रोम. ६ जानेवारी १९०७. सान लोरेन्झो या कामकऱ्यांच्या वस्तीत एका गृहबांधणी संस्थेने जुन्या चाळवजा इमारती दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान मुले जिन्यांतून हुंदडत आणि भिंती खराब करीत. त्यांना एका खोलीत सांभाळावे, एवढाच संस्थेचा व्यावहारिक हेतू होता. ही जबाबदारी डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे आली. त्या खोलीचे नाव पडले ‘कासा देई बांबिनी’, म्हणजे बालगृह.

६/
माँटेसरी वैद्यकशास्त्राच्या पदवीधर होत्या. डॉक्टरने रोग्याचे निरीक्षण करावे, तसे त्यांनी मुलांचे केले. उत्तम खेळणी हाताशी असूनही मुले त्यांच्याकडे फारशी वळत नव्हती. खऱ्या वस्तू हाताळणे, जागच्या जागी ठेवणे, पुसणे, धुणे यांत मात्र ती रंगून जात. खोटे काम आणि खरे काम यांतला फरक तीन-चार वर्षांच्या मुलालाही कळतो, हे त्यांच्या ध्यानात आले.

७/
यातूनच ‘व्यवहारजीवनाचे पाठ’ उभे राहिले. त्यांचे पहिले तत्त्व मापाचे होते. मुलाला मोठ्यांच्या जगात ओढायचे नाही, जगच त्याच्या मापाचे करायचे. म्हणून टेबल-खुर्च्या मुलाला स्वतः उचलता येतील इतक्या हलक्या, हात धुण्याची जागा त्याच्या उंचीची, झाडू आणि कुंचा त्याच्या मुठीत मावेल असा.

८/
दुसरे तत्त्व पायरीचे. प्रत्येक कामातील अडचण सुटी करून एकेक शिकवायची. आधी कोरडे दाणे एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचे, मग पाणी. आधी चौकटीवर ताणलेल्या कापडाची बटणे लावायची, मग अंगातल्या सदऱ्याची. झाडणे, धूळ पुसणे आणि झाडांना पाणी घालणे जमले की मग जेवणाची मांडामांड आणि वाढणे. वयाला साजेसे काम म्हणजे सोपे काम नव्हे. ज्यात एका वेळी एकच नवी अडचण असते, ते वयाला साजेसे काम.

९/
तिसरे तत्त्व चुकीचे. मुलांना काचेची आणि चिनी मातीची खरी भांडी दिली जात. हातातून निसटले तर फुटेल, हे भांडेच मुलाला शिकवी. मोठ्यांनी ओरडण्याची गरज उरत नसे. न फुटणारी वस्तू मुलाला निष्काळजी ठेवते आणि फुटणारी वस्तू त्याला सावध करते, असा हा साधा हिशेब होता.

१०/
एके दिवशी माँटेसरींनी मुलांना नाक कसे शिंकरावे, हे शिकवले. रुमाल कसा धरायचा, आवाज कसा होऊ द्यायचा नाही, सर्व काही गंभीरपणे. मुले हसतील असे वाटले होते. पाठ संपताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. नाकावरून रोज बोलणी खाणाऱ्या या मुलांना प्रथमच कोणीतरी न रागावता ते शिकवले होते. घरकामाच्या शिक्षणात कौशल्याइतकाच मानाचाही वाटा असतो, हे या प्रसंगातून दिसते.

११/
हा विचार भारतात रुजवणाऱ्यांत अग्रणी होते गिजुभाई बधेका. पेशाने वकील असलेल्या गिजुभाईंनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. गुजरातने त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई म्हटले. १९२३ च्या सुमारास मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. जून १९३९ मध्ये गिजुभाई निवर्तले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसरी मद्रासजवळच्या अड्यारला आल्या.

१२/
ताराबाईंना मात्र एक अडचण दिसत होती. माँटेसरी साधने महाग होती आणि बालमंदिरे शहरी, सुस्थितीतील मुलांपुरती राहत होती. रोममध्ये गरीब वस्तीसाठी जन्मलेली पद्धत भारतात श्रीमंतांची होऊ पाहत होती. गांधीजींच्या ग्रामशिक्षणाच्या विचाराचाही ताराबाईंवर प्रभाव होता. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बालवयातच वैधव्य आलेल्या आणि नंतर शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या.

१३/
गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मला. अंगणातल्या या शाळेत अक्षरांआधी स्वच्छता होती : आंघोळ, नखे, केस, झाडलोट. विकतच्या साधनांची जागा माती, बिया, पाने आणि शिंपल्यांनी घेतली. मुलांच्या रोजच्या जगण्यातील वस्तूच शिक्षणाच्या वस्तू झाल्या.

१४/
पुढे सुमारे दशकभराने हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. तेथे माँटेसरींचा प्रश्न उलटा झाला. रोमची मुले रिकामी होती, म्हणून त्यांना काम हवे होते. येथील मुले आधीच कामात होती. मोठी बहीण शाळेत येऊ शकत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. ‘भावंडाला घरी ठेवून ये’ असे तिला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण घरी कोणीच नसे.

१५/
यावरचे उत्तर होते ‘विकासवाडी’. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बहिणीने यावे, तान्हे बाळ पाळणाघरात ठेवावे, मधले भावंड बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात बसावे. बाळाची आठवण आली तर ते हाकेच्या अंतरावर. तिची माया कोणी हिरावून घेतली नाही. तिच्या वयाला न पेलणारा भार तेवढा उतरवला.

१६/
गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. गुरे चरत आणि मुले तेथेच, कुरणात शिकत. १८८२ साली फुल्यांनी आयोगापुढे ठेवलेल्या अडचणीला हे एक उत्तर होते. मूल गुरांना सोडून येऊ शकत नसेल, तर शाळेने गुरांच्या मागे जावे.

१७/
या कामाची दखल देशाने घेतली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला. बोर्डीच्या अंगणातला शब्द आज मराठी न समजणाऱ्या गावांतही रोज उच्चारला जातो.

१८/
मूळ प्रश्न मात्र मिटलेला नाही. २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाला मदत करण्याची मुभा राहिली, काम धोक्याचे नसेल तर. ‘मदत’ कोठे संपते आणि ‘मजुरी’ कोठे सुरू होते, हे मात्र घराच्या उंबऱ्याआड ठरते. तेथे कायद्याची नजर क्वचितच पोहोचते.

१९/
तो उंबरा ओलांडण्यासाठी या इतिहासातून तीन कसोट्या हाती येतात. काम मुलाच्या मापाचे आहे का? ते त्याची शाळा, खेळ आणि झोप शाबूत ठेवते का? आणि घरातील मुलगा-मुलगी दोघांच्याही हाती तोच झाडू येतो का? तिन्हींना ‘हो’ असेल, तर पाण्याचा तांब्या भरणारे मूल शिकत असते. एकालाही ‘नाही’ असेल, तर त्याच तांब्याचे ओझे होते.

२०/
माँटेसरींनी मुलाच्या रिकाम्या हातांना काम दिले. ताराबाई-अनुतायींनी भरलेल्या हातांवरचा भार उतरवला. वरवर पाहता या दोन कृती परस्परविरुद्ध आहेत. दोन्हींच्या मुळाशी मात्र एकच आग्रह होता : कामाचे माप घराच्या गरजेने नव्हे, मुलाच्या वाढीने ठरावे.

— मालिका समाप्त —