कोट कुणाच्या फौजेचा?



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजघराणी आठवतात. आम्ही आज एका जुन्या कोटाचा इतिहास सांगणार आहोत. आमचे आयुष्य कामगारांत गेले; ग्रंथालयापेक्षा कारखान्याचे फाटक आम्हांस अधिक परिचयाचे. तेव्हा विषयही तिथलाच.

गेल्या हिवाळ्यात आमच्या युनियनमधील एका रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने शहागंजात जुन्या कपड्यांच्या ढिगातून एक जाड, ठिपक्याठिपक्यांचा कोट घेतला. चौथ्या दिवशी फाटकावर त्यास हटकण्यात आले. “हा फौजेचा माल. कुठून आणलास?” कोट काढून ठेवून घेतला, आणि चोरीचा संशय तेवढा त्याच्याकडे राहिला. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “भाऊ, हा खरंच आपल्या फौजेचा आहे का?” उत्तर आम्हांसही ठाऊक नव्हते. ते शोधण्यासाठी जे वाचावे लागले, ते असे.

शत्रूच्या नजरेआड राहणे हे युद्धाचे जुने शास्त्र. १६१० साली खडकी या नावाने आपले शहर वसवणाऱ्या मलिक अंबराने गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. पण त्या काळी दडायला डोंगरदऱ्या लागत. आडोसा कपड्यावरच छापावा, ही कल्पना फार अलीकडची. तिचे पहिले पाऊल आपल्याच उपखंडात पडले. १८४६ साली पेशावरला उभारलेल्या गाइड्स पलटणीने लाल डगल्याऐवजी मातकट रंगाचा वेष घेतला. ‘खाक’ म्हणजे धूळ; त्यावरून खाकी. युरोपला हे शहाणपण महागात पडले. १९१४ साली फ्रेंच पायदळ लाल विजारी घालून महायुद्धात उतरले आणि दुरूनही टिपले गेले. दुसऱ्याच वर्षी फ्रान्सने चित्रकारांना हाताशी धरून तोफा आणि मोर्चे रंगवून लपवण्याचे खाते उघडले. १९२९ साली इटलीने तंबूच्या कापडावर रंगीत चट्टे छापले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांना चट्ट्यापट्ट्यांचा डेनिसन डगला मिळाला. पुढे ज्या त्या देशाने आपापले रान पाहून नक्षी ठरवली. आणि म्हणूनच कापड पाहून देश ओळखता येतो.

पहिली खूण नक्षीची. ब्रिटिशांच्या १९६० नंतरच्या कपड्यावर चार रंगांचे, कुंचल्याने ओढल्यासारखे फटकारे असत. जर्मन फौजेने १९९० नंतर पाच रंगांचे ठिपके स्वीकारले. आपल्या भूदलाने १५ जानेवारी २०२२ रोजी, सेनादिनी, जो नवा गणवेश लोकांसमोर आणला, त्यावर बारीक चौकोनांची नक्षी आहे. मात्र नक्षीची नक्कल कोणताही छापखाना करू शकतो. तेवढ्यावर निकाल देऊ नये.

दुसरी खूण अधिक भरवशाची: आत शिवलेली पट्टी. नाटो राष्ट्रांच्या फौजी मालावर तेरा आकडी क्रमांक असतो. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात, पुढचे दोन देश सांगतात: १२ म्हणजे जर्मनी, ९९ ब्रिटन, १४ फ्रान्स. उरलेले सात त्या वस्तूचे.

आम्ही कचेरीत गेलो आणि कोट टेबलावर उलटा पसरायला लावला. पट्टी धुऊन धुऊन फिकट झाली होती, पण चार आकड्यांपुढचे १२ स्पष्ट वाचता आले. बाहीवर इवलासा काळा-लाल-सोनेरी झेंडा होता. तो इतके दिवस कुणी पाहिलाच नव्हता. जर्मन फौजेने टाकून दिलेला कोट फिरत फिरत शहागंजात आला होता. चोरी कुणाची आणि कसली?

संशय अगदीच निराधार असतो, असे आम्ही म्हणत नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्लेखोर सैनिकी वेषातच आले होते. कायदाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १६८ सैनिकासारखा वेष करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगते, पण केव्हा? लोकांनी आपल्याला सैनिक समजावे, असा हेतू असेल तेव्हा. थंडी वाजणे हा तसा हेतू नव्हे.

कोट परत मिळाला. दिलगिरीचा शब्द मात्र कुणी काढला नाही, आणि तो पहारेकरी कोट पुन्हा कामावर घालीत नाही. सैनिकाला शत्रूपासून लपवण्यासाठी विणलेल्या कापडाने एका गरिबाला चारचौघांत उघडे पाडले. म्हणून आमचे मागणे एवढेच: माणसावर बोट ठेवण्याआधी कोट उलटा करून पट्टी वाचा. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.